दहा सेंटिमीटरचा चढ

महाड,
१० ऑगस्ट

प्रिय रेश्मा,

तुझा निरोप येऊन वीस दिवस झाले. ‘बाबा दोन महिने इथे आहेत, विचारलं तर काही सांगत नाहीत. काय झालं ते तू सांग. न्यायला येणार आहेस की नाही, तेही सांग.’ फोनवर आलेल्या या वाक्यांना फोनवरच उत्तर देता आले असते, आणि पहिल्या दिवशी मी ते लिहिलेही होते: जे स्वतःच्या पायांनी गेले, त्यांना न्यायला कोणी जात नाही. पाठवले मात्र नाही. परवापर्यंत ते उत्तर मला पुरेसे वाटत होते. परवापासून वाटत नाही, म्हणून कागद घेतला आहे. जे झाले ते क्रमाने सांगावे लागेल आणि त्यात रुळांविषयी बरेच येईल. कंटाळा आला तरी वाच. रूळ वगळून हे सांगता येत नाही.

तू घर सोडलेस त्या डिसेंबरात वरच्या मोठ्या खोलीत टेबलाची नुसती चौकट उभी होती. पुढचे तू पाहिलेले नाहीस. मी आयुष्यभर रेल्वेचे मार्ग आखले. कोकणच्या लाइनीची मोजणी झाली तेव्हा वीरपासून विन्हेऱ्यापर्यंतच्या पथकात दुर्बिणीला डोळा लावणारी मी एकटीच बाई होते. ती लाइन पोलादपूरला बगल देऊन गेली. तांत्रिकदृष्ट्या ते योग्यच होते, पण त्या दिवसांत मी पोलादपूरच्या खोऱ्यात तुझ्या आजोबांच्या घरी भाड्याने राहत होते आणि रोज संध्याकाळी, केवळ हाताला वळण राहावे म्हणून, महाड ते पोलादपूर असा एक फाटा कागदावर आखत होते. तुझे बाबा शेजारी बसून ओढ्यांची नावे सांगत. निवृत्त झाल्यावर तोच फाटा मी सत्त्याऐंशीपटीने लहान करून टेबलावर बांधायला घेतला. वरच्या मजल्यावर, कारण महाडात तळमजल्यावर ठेवलेली कोणतीही गोष्ट आपण सावित्री नदीला उसनी दिलेली असते. तुझ्या बाबांनी ‘पोलादपूर’ अशी पाटी स्वतःच्या हाताने रंगवली. अक्षरे वाकडी होती. मी ती दोनदा बदलायला लावली.

खोली लहान असल्यामुळे मार्गाला स्वतःच्याच वरून जावे लागत होते. खालून डबे जातील एवढी मोकळी जागा ठेवायची तर वरचा रूळ दहा सेंटिमीटर उंच हवा. दहा सेंटिमीटर म्हणजे हाताचा पंजा. लोकांना वाटते, त्यात काय, फळी तिरकी टेकवली की झाले. खऱ्या लाइनीवर आम्ही दीडशे मीटरला एक मीटर यापेक्षा जास्त चढ दिला नाही. टेबलावर तेवढी चैन शक्य नव्हती. मी चाळीसाला एक हे प्रमाण धरले, म्हणजे हाताच्या पंजाएवढे चढायला चार मीटर. शिवाय चढाच्या पायथ्याशी आणि माथ्याशी सपाटीचा हळूहळू चढ होत गेला पाहिजे, एकदम नाही. नाहीतर पुढचा डबा नाक वर करतो, मागचा खालीच राहतो आणि दोघांमधली कडी सुटते. चढ चढताना गाडीला फारसे अवघड नसते. तो सुरू होताना अवघड असते.

पुढच्या मे महिन्यात मी महिपतीला बोलावले. आपल्या आळीतला सुतार, तुझ्या शाळेचे बाक ज्याने दुरुस्त केले तोच. त्याने प्लायवूडवर टिचकी मारली आणि म्हणाला, “बाई, ही फळी आत्ता उपाशी हाय. एक पाऊस पिऊ दे तिला, मग कापू. दिवाळीला जोडली तर जलमभर हलायची नाय.” मी त्याला सांगितले की लाकडाची भूक मोजण्याची पद्धत अजून निघालेली नाही आणि मला जूनच्या आधी चढ उभा हवा आहे. तुझे बाबा मागे उभे राहून हसले. ते महिपतीला म्हणाले, “काप रं बाबा. इंजिनीअरीणबाईंचा पाऊस पण वेळापत्रकानं येतो.” चढ उभा राहिला. मोजमापात अर्ध्या मिलिमीटरची चूक नव्हती. आठ डब्यांची गाडी पहिल्या दिवशी एका दमात वर गेली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती थांबली. चढाच्या पायथ्याशी, जिथे दोन फळ्यांचा सांधा होता तिथे, तिसरा डबा उचलला जाई आणि कडी सुटे. इंजिन दोन डबे घेऊन वर आणि सहा खाली. मी सगळ्या टेक्यांच्या उंच्या पुन्हा मोजल्या. त्या होत्या तशाच होत्या. दोन टेक्यांच्या मधली फळी मोजावी असे मला सुचले नाही, कारण हिशेबात ती सरळच धरलेली असते. मी चाकांना दोष दिला, कड्यांना दिला, मुंबईच्या दुकानदाराला दोन कडक पत्रे लिहून डबे बदलून घेतले. नवे डबेही सुटले. तुझे बाबा रोज दारात येऊन विचारायचे, “काय, आज पण सुट्टीवर हाय काय पोलादपूर पॅसेंजर?” महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतेच बोलले.

त्या वर्षी मी रुळांशिवाय कशाचाही विचार करत नव्हते, असे माझे म्हणणे असे. तुझे लग्न होऊन तेव्हा पाच महिने झाले होते. त्याविषयी तुझे माझे शेवटचे बोलणे तुझ्या लक्षात असेलच. माझ्या तर शब्दशः आहे. वास्तुरचनेची पदवी घेतलेली, पुण्यात चांगली नोकरी असलेली मुलगी, जुन्या घरांची मापे घ्यायला पाचाडला जाते काय आणि तिथल्या खानावळीत भाकऱ्या वाढणाऱ्या मुलाशी लग्न ठरवते काय. साहिलने पदविका दुसऱ्या वर्षी सोडली होती, आणि का सोडली याचे कारण त्याने मला धड सांगितले नाही. वडील मुंबईला होते, आई एकटी पडली, एवढेच म्हणाला. अर्धवट सोडलेल्या कामाचे कारण कधीच पुरेसे नसते. त्याच्या वाडीचा, त्याच्या लोकांचा माझ्या विरोधाशी संबंध नाही, असे मी तेव्हा ठासून सांगितले होते. आज लिहिताना तेवढे ठासून लिहवत नाही. पण मुख्य आक्षेप तो नव्हता, हे खरे आहे. तू मला म्हणालीस, “तू नाही का केलंस? बाबा कुठे इंजिनीअर होते?” आणि मी म्हणाले, “केलं, म्हणूनच सांगते आहे.” तुझे बाबा तेव्हा बाहेर पडवीत शेंगा निवडत होते. दार उघडे होते. शेंगा सुपात पडण्याचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, एवढेच मला आठवते. त्यांनी त्या वाक्याचा उल्लेख पुढे कधीही केला नाही, आणि मीही ते परत घेतले नाही. परत कसे घ्यायचे, मला ठाऊक नव्हते.

लग्नाला तू अख्ख्या तालुक्याला बोलावलेस. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या कारकुनाला पत्रिका गेली, महिपतीला गेली, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत गेली. मला आली नाही. आईला पत्रिका कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरातून मुलगी भांडून गेली, त्या घराला अक्षता द्यायच्या की नाही हे तिने ठरवायचे असते, आणि तू ठरवलेस, असे मी धरून चालले. तुझे बाबा नवे धोतर नेसून गेले. परत आले तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, “काही म्हणाली का?” ते म्हणाले, “नाय.” बुंदीचे पुडके त्यांनी स्वयंपाकघरात फळीवर ठेवले. चौथ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या, तेव्हा मी ते बाहेर टाकले. त्या एका ‘नाय’वर मी सहा वर्षे काढली आहेत, रेश्मा. तू दोनदा गणपतीला महाडला येऊन गेलीस, महिपतीच्या घरी उतरलीस, हे मला कळले होते. माझ्या दाराशी तू आली नाहीस आणि मी बोलावले नाही. बोलावण्याची पाळी माझी नाही, असे माझे मत होते.

आता पुन्हा रुळांकडे. त्याच ऑगस्टमध्ये मी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पंधरा दिवस पुण्याला गेले. परत आले, गाडी सोडली, आणि ती आठही डबे घेऊन थेट वर गेली, पावसाळा ऐन भरात असताना. तुझे बाबा दारात चहाचा कप घेऊन उभे होते. म्हणाले, “बघ. पोचली की पोलादपूरला.” मी त्यांना समजावून सांगितले की नव्या बांधकामाला बसायला काही काळ लागतो, भार पडत गेला की ते आपल्या मूळ रेषेवर येते, आणि रेषा बरोबर असेल तर धीर धरावा लागतो एवढेच. ते म्हणाले, “तसंच आसल.” पुढे मी या विषयावर एका छंद-मासिकात लेख लिहिला, पाच पानांचा, आकृत्यांसह: घरातल्या रेल्वेला चढ कसा द्यावा. त्याचे कौतुक झाले. पुण्याहून तीन गृहस्थ मुद्दाम पाहायला आले. तुझ्या बाबांनी त्यांना घावणे खाऊ घातले आणि मी बोलत असताना ताट हातात धरून अगदी गंभीर चेहऱ्याने ऐकत उभे राहिले. माणगावच्या एका वाचकाने लिहिले की तुमच्या मापांनी उन्हाळ्यात बांधले, पण पावसाळ्यात गाडी पायथ्याशी अडकते. मी त्यांना उत्तर पाठवले की आपण प्रथम आपली फूटपट्टी तपासावी. त्यांचे पुन्हा पत्र आले नाही.

यंदाच्या मे महिन्यात जुने रूळ काढून नवे टाकायचे ठरवले. महिपती मदतीला होता. पायथ्याचा रूळ उचलला तर खाली गुलाबी काहीतरी दिसले. पातळ कार्डाच्या पट्ट्या, एकावर एक डिंकाने चिकटवलेल्या. प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीपेक्षा बोटभर आखूड, टोकाला पॉलिश पेपरने घासून अशी निमुळती केलेली की नखालाही पायरी लागू नये. सांध्याला लागून नऊ थर, कडेला एक. दोन फळ्यांचा सांधा पावसात वर येतो, तो उंचवटा कोणीतरी दोन्ही बाजूंना हातभर लांबीत विरघळवून टाकला होता. मी वरची पट्टी सोडवली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत ‘चि. सौ. कां. रे’ एवढे होते. बाकीचे कापले गेले होते. दुसरीवर पाचाडचा पत्ता. माझ्या माहेरच्या लोकांसाठी छापून घेतलेल्या आणि मी वाटू न दिलेल्या तुझ्या पत्रिका. सहा वर्षे माझी गाडी त्यांच्यावरून चढत होती.

महिपतीला हसू आवरेना. “दादांचंच काम हे! काय सफाई बघा, बाई. मी सुताराचा पोर, पन मला नाय जमायचं.” मी विचारले, तुला ठाऊक होते? “आख्ख्या आळीला ठाव हाय. पत्रिका कमी पडल्या तवा आमच्या पांडूच्या लग्नाच्या चार मीच दिल्या व्हत्या. ही बघा, ही पांडूची, पिवळी.” त्याला मी घरी पाठवले. मग पत्र्याच्या पात्याने एकेक थर खरवडून काढायला सुरुवात केली. हे काम चालू असताना तुझे बाबा शेतावरून आले. भाताच्या रोपांसाठी राब भाजून आले होते, अंगाला धुराचा वास होता. दारातच थांबले. म्हणाले, “कशाला काढतेस? गाडी चढत व्हती ना?” मी म्हणाले, ती लबाडीने चढत होती. ते म्हणाले, “चढली ती चढली. त्यात लबाडी कसली? फळी फुगते, तिला काय तुझा लेख वाचता येतो?” एरवी मी यावर हसले असते, असे नाही, पण गप्प बसले असते. त्या दिवशी गप्प बसले नाही. माझ्या नावाने छापलेल्या पाच पानांतला प्रत्येक आकडा त्यांनी खोटा केला होता, माणगावच्या त्या सज्जन माणसाला मी मूर्ख ठरवले होते, आणि हे सगळे ठाऊक असून ते ताट धरून उभे राहिले होते. मी म्हणाले, तुम्ही आयुष्यभर हेच केलेत. जिथे खडबडीत दिसले तिथे खाली पुठ्ठे सारलेत. एक गोष्ट पायापासून नीट बांधली नाहीत, ना शेत, ना घर, ना मुलगी.

त्यांनी माझ्या हातातल्या पात्याकडे एकदा पाहिले. मग आत गेले, हातपाय धुतले, पिशवीत दोन सदरे भरले. जिन्यात उभे राहून म्हणाले, “मी पोरीकडं जातो. तिकडं मला कोन मोजत नाय.” आवाज चढवला नाही. दार लोटून घेतले तेही हलक्या हाताने. काय झाले, याचे उत्तर हे. त्यांनी तुला ते सांगितले नाही, कारण सांगताना माझी वाक्ये उच्चारावी लागली असती.

मी जूनभर काम केले. फळी घासून स्वच्छ केली, कडांना तेलरंगाचे दोन हात दिले, पाणसळीने दर दहा सेंटिमीटरवर उंची घेतली, या खेपेस टेक्यांची आणि फळीचीही. जूनच्या अखेरीस चढ माझ्या कागदाशी तंतोतंत जुळत होता. जुलैत गाडी पुन्हा त्याच जागी अडकली. रंधा मारला असता तर उन्हाळ्यात तिथेच खड्डा पडला असता. शेवटी मलाही पट्ट्याच कापाव्या लागल्या, हे तुला सांगताना मला कसे वाटते याची कल्पना तू करू शकतेस. मी रेखाकागद घेतला, थरांची जाडी सूक्ष्ममापीने मोजली, प्रत्येक थर किती आखूड हवा याचे कोष्टक केले. तिसरा डबा तरीही उचलतो. महिपती एकदा जिन्यातून डोकावून गेला. म्हणाला, “दादा डोळं मिटून लावायचे, बोटानं चाचपत. त्यांनाच बोलवा, बाई. आन् बोलावताना जरा गोड बोला.” मी म्हणाले, तुझ्या सल्ल्याची मजुरी वेगळी लाव. सव्वादोन महिने या घरात माझ्याशी चेष्टा करणारे कोणी नाही. गाडी सुटताना ते ‘पुढचं स्टेशन कापडे, आगला स्टेशन कापडे’ असे नाकातून ओरडत. ते मला नेहमीच पोरकट वाटत आले. हल्ली मी गाडी सोडते तेव्हा खोलीत फक्त चाकांचा आवाज असतो, आणि तोही पायथ्यापर्यंतच.

परवा ठरवले की दोष वर नसेल तर खाली असेल. पायथ्याची फळी ज्या आडव्या दांडीवर टेकलेली आहे तिथले स्क्रू सोडवले. हे मी सहा वर्षांत कधी सोडवले नव्हते. फळी उचलली, आणि फळी व दांडी यांच्या मधोमध एक पाकीट होते. न कापलेले. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेले, त्याचा रंग आता तांबूस झाला आहे. वर तुझ्या अक्षरात: ‘ती. सौ. आईस’. आत पूर्ण पत्रिका, चिमूटभर अक्षता, त्यांतल्या बऱ्याच दाबाने चुरडलेल्या, आणि वहीचा अर्धा कागद. ‘आई, मुहूर्त बारा बत्तीसचा आहे. बोलू नकोस हवं तर, नुसती ये. मी साडेअकरापासून दाराकडे बघत असेन.’

मी माझी कामाची वही काढली. मी रोजच्या कामाची नोंद ठेवते. त्या तारखेला दुपारी बारा ते दीड मी पायथ्याच्या वक्राची आकृती काढत होते. शेवटी ‘समाधानकारक’ असा शेरा आहे.

तुझ्या निरोपात आणखी एक वाक्य होते, ते मी वर लिहिले नाही, कारण मला ते उद्धट वाटले होते. ‘तेव्हाही उत्तर दिलं नाहीस, आता तरी दे.’ तेव्हा म्हणजे केव्हा, हे मला वीस दिवस कळत नव्हते. परवा कळले. तू सहा वर्षे समजत आलीस की आईला अक्षता पोहोचल्या आणि ती आली नाही. मी सहा वर्षे समजत आले की मुलीने अक्षता पाठवल्याच नाहीत. त्यांनी तुला काय सांगितले असेल ते मी सांगू शकते: ‘दिली, पन काय बोल्ली नाय.’ ज्याला सगळा तालुका साधा माणूस म्हणतो, त्याने आपल्या दोघींना एकेक शब्द सांगितला आणि बाकीचे फळीखाली ठेवले. मला नाही म्हणायचा हक्क होता, रेश्मा. तो माझा होता, चांगला की वाईट ते नंतर. तो त्यांनी मला न विचारता काढून घेतला. त्यांनी पाकीट जाळले नाही, नदीत सोडले नाही, ते माझ्या हाताखाली दोन वितींच्या अंतरावर ठेवले, यात त्यांना काय अभिप्रेत होते कोण जाणे. कदाचित काहीच नसेल. कदाचित तिथे तेवढ्याच जाडीची गरज असेल. मी मोजली: अक्षतांसकट सव्वादोन मिलिमीटर.

म्हणून हे पत्र. ‘तुझे निमंत्रण मला मिळालेच नव्हते’ एवढे एक वाक्य लिहून मी मोकळी होऊ शकले असते आणि त्यातले एक अक्षरही खोटे ठरले नसते. कालचा संपूर्ण दिवस मी तेच लिहिणार होते. पण अर्धी मोजणी मी कोणाची स्वीकारत नाही, तेव्हा स्वतःची कशी स्वीकारू? त्या दिवशी हे पाकीट माझ्या हातात पडले असते तर मी आले नसते. ते फाडून तुकडे तुझ्या बाबांच्या हातात ठेवले असते, आणि सोबत एक वाक्य दिले असते, जे त्यांना नव्या धोतरात, एसटीत बसून, तुझ्या मांडवापर्यंत न्यावे लागले असते. ते वाक्य काय असते हेही मला ठाऊक आहे, लिहीत नाही. त्यांनी ते न ऐकताच ओळखले. सबंध संसारात माझे एवढे एकच माप त्यांनी घेतले आणि ते बरोबर निघाले, याबद्दल मी त्यांना क्षमा करू शकेन असे मला वाटत नाही. त्यांना याविषयी तू काही विचारू नकोस. विचारायचे ते मी विचारीन. गुरुवारी सकाळच्या एसटीने मी पाचाडला येत आहे. त्यांना न्यायला नाही. परत यायचे की नाही ते त्यांचे त्यांनी ठरवावे. मी तुझ्या निमंत्रणावरून येत आहे. साहिलच्या आईंना, रखमाबाईंना सांग, मला मानपान नको, सगळ्यांच्या पंगतीत वाढा. आणि तू साडेअकरापासून दाराकडे बघत बसू नकोस. महाडहून सुटणारी गाडी वेळेवर पोहोचेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

तुझीच,
आई